वणव्याचा धूर, राख आणि आपले आरोग्य : पहिल्यांदाच तयारी करणाऱ्यांसाठी

७ जून २०२३ रोजी भर दुपारी न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले आणि रस्त्यावरची माणसे मास्क लावून चालू लागली, तेव्हा त्या शहराच्या आसपास कुठेही मोठा वणवा पेटलेला नव्हता. जळत होती ती शेकडो किलोमीटर उत्तरेकडची, कॅनडातील जंगले. १९९७ साली इंडोनेशियातील जंगले आणि पीटची (कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) जमीन जळत असताना सिंगापूर आणि मलेशियातील लोकांनी असाच धूर आठवडेच्या आठवडे सोसला होता. वणव्याची तयारी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ज्वाळा, अग्निशामक दल आणि घर सोडून निघालेली कुटुंबे येतात. ती तयारी हवीच, पण वणव्यामुळे आजारी पडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ज्वाळा कधी पाहतही नाहीत. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा धुराला दिली आहे, त्याखालोखाल राखेला आणि पाण्याला. ज्या कुटुंबांनी अशी तयारी आधी कधी केलेली नाही त्यांच्यासाठी, आणि वस्तीतल्या इतरांकडे लक्ष देण्याचे काम ज्यांच्याकडे येते त्या स्वयंसेवकांसाठी, हे टप्पे लिहिले आहेत.

धुरात काय असते

लाकूड, पाला आणि गवत जळताना कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिन असे वायू निघतात, आणि आग घरांपर्यंत पोचली तर त्यात प्लास्टिक, रंग, वायरी आणि गाद्या जळून निघालेल्या विषारी द्रव्यांची भर पडते. दूरवरच्या लोकांना मात्र मुख्य त्रास होतो तो अतिसूक्ष्म कणांचा. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान अशा या कणांना पीएम २.५ म्हणतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना येईल. नाकातले केस आणि घशातला ओलावा धूळ अडवतात, पण हे कण त्यांना चुकवून थेट फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत जातात आणि शरीरभर दाह निर्माण करतात. त्यामुळे धुराच्या दिवसांत केवळ दम्याचे झटके वाढतात असे नाही, हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघातही वाढतात. डोळ्यांची चुरचुर आणि खोकला लगेच जाणवतो. हृदयावर पडणारा ताण जाणवत नाही, आणि ‘मला काही होत नाही’ असे म्हणणारा माणूस तिथेच फसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांच्या सरासरीसाठी पीएम २.५ ची शिफारस केलेली मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. दाट धुरात हा आकडा काही तासांत शेकड्यांत जातो.

पहिला टप्पा : कोणाची काळजी आधी

वणव्याचा ऋतू सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, कागद घेऊन घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव लिहावे आणि त्यापुढे त्याचा आजार, रोजची औषधे आणि ती किती दिवस पुरतील हे लिहावे. दमा, फुप्फुसांचे जुने आजार, हृदयविकार आणि मधुमेह असलेले, गर्भवती स्त्रिया, ६५ वर्षांवरील माणसे आणि लहान मुले यांना धुराचा धोका अधिक असतो. मुलांचा उल्लेख अनेकदा शेवटी आणि घाईने केला जातो. वास्तविक मूल स्वतःच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात, आणि त्याला घरात स्वस्थ बसवणे हे एक वेगळेच काम असते.

ज्यांना नियमित औषधे लागतात त्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी आधीच विचाराव्यात : धूर असताना औषधाची मात्रा बदलायची का, कोणत्या लक्षणाला वाट न पाहता रुग्णालयात यायचे, आणि दुकान बंद राहिले तर किमान दोन आठवड्यांचा साठा घरी ठेवता येईल का. दमेकऱ्यांनी या तिन्हींची उत्तरे एका चिठ्ठीवर लिहून घेऊन ती तात्काळ आराम देणाऱ्या इन्हेलरसोबतच ठेवावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यावर ते कुठे ठेवायचे हे ठरवावे. वापरात असलेली कुपी साधारण खोलीच्या तापमानाला काही आठवडे टिकते, पण नेमकी मुदत आणि तापमानाची मर्यादा सोबतच्या पत्रकातच पाहावी. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा विजेवर चालणारे दुसरे वैद्यकीय यंत्र असेल, तर वीज पुरवणाऱ्या कंपनीला ते आधी कळवावे आणि पर्यायी सिलिंडरची सोय करून ठेवावी. वणव्याच्या दिवसांत वीज जाते, आणि तारांमुळे आग लागू नये म्हणून ती मुद्दामही बंद केली जाते.

याच कागदाच्या मागच्या बाजूला शेजाऱ्यांची नावे लिहावीत. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव जळाले तेव्हा ८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली बहुसंख्य वृद्ध होती. ज्यांना चालता येत नाही, गाडी चालवता येत नाही, फोनवरची सूचना ऐकू येत नाही किंवा त्या भाषेत वाचता येत नाही, अशांच्या दारावर कोण जाणार हे नावानिशी ठरलेले असावे. ‘कोणीतरी जाईलच’ असे गृहीत धरले की बहुधा कोणीच जात नाही.

दुसरा टप्पा : स्वच्छ हवेची एक खोली

सगळे घर धुरापासून वाचवणे बहुतेकांना जमत नाही आणि त्याची गरजही नसते. एक खोली निवडावी, शक्यतो अशी की जिथे खिडक्या आणि दारे कमी आहेत, सर्वांना झोपता येते, आणि स्वच्छतागृह जवळ आहे. खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी लावावी, दाराखालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. एसी बाहेरची हवा आत घेणारा असेल तर ती झडप बंद करून आतलीच हवा फिरवत राहण्याची सोय कशी करायची, हे आधीच शोधून ठेवावे. धूर पसरल्यानंतर सूचनापुस्तिका शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

केवळ दारे-खिडक्या बंद केल्याने धूर थांबत नाही, तो उशिरा आत येतो इतकेच. काही तासांनी आतली हवाही बाहेरच्या हवेसारखी होऊ लागते, म्हणून कण गाळणारे काहीतरी खोलीत सतत चालू असावे लागते. एअर प्युरिफायर घेत असाल तर त्यात हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारा, फिल्टर आहे ना हे पाहावे, आणि त्यावरच्या सीएडीआर या आकड्याकडे लक्ष द्यावे. यंत्र मिनिटाला किती स्वच्छ हवा देते ते हा आकडा सांगतो. वणव्याच्या धुरासाठी सोपा हिशेब असा की खोलीचे क्षेत्रफळ जितके चौरस फूट, किमान तितका सीएडीआर घनफूट प्रतिमिनिट असावा. बारा फूट बाय दहा फूट खोलीला १२०, म्हणजे तासाला सुमारे २०० घनमीटर. छत उंच असेल तर त्याहून अधिक लागेल. सर्वांत वरच्या वेगाला यंत्राचा आवाज इतका होतो की लोक रात्री ते मंद करतात आणि हवा पुन्हा बिघडते. त्यामुळे परवडत असेल तर गरजेपेक्षा एक आकार मोठे यंत्र घेऊन ते मध्यम वेगाने चालवणे शहाणपणाचे. ओझोन सोडून हवा शुद्ध करतो असे सांगणारे यंत्र मात्र घेऊ नये, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसांना इजा करतो.

महागडे यंत्र शक्य नसेल तर कॉर्सी-रोझेन्थल पेटी करता येते. रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना २०२० मध्ये, कोविडच्या काळात पुढे आली. चौकोनी चौकटीचा पंखा, एसीच्या यंत्रणेत वापरले जाणारे मर्व्ह १३ प्रतीचे (फिल्टर किती बारीक कण अडवतो ते मर्व्ह हा आकडा सांगतो) चार फिल्टर, तळाला जाड पुठ्ठा आणि रुंद चिकटपट्टी एवढेच साहित्य लागते. फिल्टर उभे करून त्यांची पेटी करायची, पंखा वर हवा फेकेल असा त्यावर बसवायचा आणि सगळ्या फटी बंद करायच्या. फिल्टरवरचे बाण हवेची दिशा दाखवतात, ते पेटीच्या आतल्या बाजूस यावेत. मर्व्ह १३ फिल्टर ०.३ ते १ मायक्रॉनचे किमान निम्मे कण एका फेरीत अडवतो. हे ऐकायला कमी वाटते, पण खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा पेटीतून जाते आणि प्रत्येक फेरीत उरलेल्यातले निम्मे कमी होत जातात. दिसायला ही पेटी बेढब असते, काम मात्र चोख करते. पंखा जुना किंवा वायर झिजलेली नसावी, आणि घरात कोणी नसताना ती चालू ठेवू नये. फिल्टर काळपट झाले की बदलावेत.

ही सगळी मांडामांड एका साध्या रात्री करून पाहावी, आणि घरातल्या सर्वांनी त्या खोलीत झोपून पाहावे. कोणती फट राहिली, किती उकडते, पंख्याची वायर कुठपर्यंत पोचते, हे त्या एका रात्रीत कळते.

तिसरा टप्पा : मास्क

कापडी मास्क, रुमाल आणि सर्जिकल मास्क वणव्याच्या धुरापासून फारसे संरक्षण देत नाहीत; ओला रुमाल तोंडावर बांधण्याची सवय मनाला धीर देते, फुप्फुसांना नाही. एन ९५ मास्क गाळायला सर्वांत अवघड अशा, सुमारे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडवतो आणि त्याच धर्तीचा युरोपीय प्रतीचा एफएफपी २ मास्क किमान ९४ टक्के. पण हे आकडे मास्क चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटून बसला तरच खरे ठरतात. दोन्ही पट्टे डोक्यामागे असावेत, एक वर आणि एक मानेशी. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी. मग जोरात श्वास सोडून कडेने हवा निसटते का ते पाहावे. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही. हे अनेकांना अप्रिय वाटते, पण त्याला पर्याय नाही. लहान मुलांच्या चेहऱ्याला मोठ्यांचे मास्क बसत नाहीत, आणि दोन वर्षांखालील बाळाला मास्क लावूच नये. त्यांच्यासाठी स्वच्छ हवेची खोली हाच उपाय. शिवाय हे मास्क कण गाळतात, वायू नाही. म्हणून मास्क लावून आगीच्या जवळ थांबणे सुरक्षित होत नाही.

चौथा टप्पा : निघण्याची पिशवी

ज्यांच्या घरापर्यंत आग येऊ शकते त्यांनी दाराजवळ एक पिशवी भरून ठेवावी. त्यात आठवड्याची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, मास्क, पाणी, टॉर्च, फोनचा चार्जर, थोडी रोकड, ओळखपत्रे, बाळाचे सामान आणि पाळीव प्राण्याचा पट्टा किंवा पिंजरा असावा. एक जाड लोकरीची चादर नक्की ठेवावी. कपडे सुती किंवा लोकरी, पूर्ण बाह्यांचे, आणि बूट मजबूत असावेत. कृत्रिम धाग्याचे कपडे उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात.

धूर आल्यावर

धुराचे दिवस सुरू झाले की रोजचा पहिला प्रश्न असतो तो म्हणजे बाहेर जायचे की नाही. याचे उत्तर नाकावर सोपवू नये, कारण धुराच्या वासाची सवय फार लवकर होते. जवळच्या मोजणी केंद्राचा पीएम २.५ चा आकडा पाहावा. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक प्रत्येक देशाचा वेगळ्या सूत्राने काढलेला असतो, त्यामुळे एका देशातला १५० आणि दुसऱ्या देशातला १५० यांतून सारखीच हवा सूचित होत नाही. दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना करायची असेल तर घनमीटरला किती मायक्रोग्रॅम हेच पाहावे. शिवाय दिवसभराची सरासरी पाहून संध्याकाळचा निर्णय घेऊ नये, चालू तासाचा आकडा पाहावा. रात्री आणि पहाटे जमिनीजवळची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकून राहते आणि दऱ्याखोऱ्यांत धूर साचतो. ऊन चढल्यावर तो अनेकदा विरळ होतो. असा मोकळा काळ मिळाला की दारे-खिडक्या उघडून घर हवेशीर करावे, बाहेरची गरजेची कामे उरकावीत, आणि आकडा चढू लागताच पुन्हा बंद करावे.

बंद घरात नवा धूर तयार होऊ देऊ नये. सिगारेट, मेणबत्ती, सुगंधी कांडी, लाकडाची शेगडी आणि तेलात तळणे या गोष्टी त्या दिवसांपुरत्या टाळाव्यात. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने आणि कोरड्या झाडूने खाली बसलेले कण पुन्हा हवेत उडतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे.

श्रम कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तरी त्याकडे दुर्लक्ष होते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा घेतो. धावताना किंवा जड काम करताना तो त्याच्या कित्येक पट हवा घेतो, आणि तितक्या पटीने कण आत जातात. व्यायाम, खेळ आणि शाळेचे मैदान या दिवसांत बंद असावे. ज्यांचे काम उघड्यावरच आहे त्यांना मात्र घरी बसा असे सांगून भागत नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून असा नियम आहे की तिथला पीएम २.५ चा निर्देशांक १५१ किंवा त्याहून जास्त झाला की मालकाने उघड्यावर काम करणाऱ्यांना मास्क उपलब्ध करून दिले पाहिजेत. असा नियम जिथे नाही तिथेही कामाच्या वेळा बदलणे, पाळ्या लहान करणे आणि विश्रांतीसाठी गाळलेल्या हवेची जागा देणे मालकाला शक्य असते.

उकाडा आणि धूर एकत्र आले की खरी अडचण होते, कारण धुरासाठी बंद ठेवलेले घर भट्टीसारखे तापते. उष्माघात काही तासांत जीव घेऊ शकतो. त्यामुळे खोली थंड ठेवण्याची सोय नसेल आणि आतल्या माणसाला चक्कर, गोंधळ किंवा अतिशय थकवा जाणवू लागला, तर खोलीचा हट्ट सोडून त्याला वातानुकूलित सार्वजनिक ठिकाणी न्यावे. वाचनालय, मोठे दुकान किंवा स्थानिक प्रशासनाने उघडलेले केंद्र, जे जवळ असेल ते. खोलीचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले तर केवळ पंख्याने शरीर थंड होत नाही, उलट तापते. पाणी थोडे थोडे सारखे पीत राहावे आणि कातडी ओली ठेवावी.

लक्षणांच्या बाबतीत थांबून पाहण्याची मर्यादा आधीच ठरलेली असावी. घसा खवखवणे, डोळ्यांतून पाणी आणि हलका खोकला घरी सांभाळता येतो. पण छातीत दुखणे किंवा दडपण, बोलताना वाक्य पूर्ण न होणे, ओठ निळसर पडणे, इन्हेलर घेऊनही दम न उतरणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा अचानक गोंधळून जाणे, यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. जो माणूस आगीजवळ सापडला होता त्याचा आवाज बसला असेल, नाकातोंडाभोवती काजळी असेल किंवा नाकातले केस जळले असतील, तर तो बरा दिसत असला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. श्वासनलिकेची सूज काही तासांनीही वाढते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. भाजलेली जागा वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावी आणि स्वच्छ कापडाने सैलसर झाकावी. बर्फ, टूथपेस्ट किंवा घरगुती लेप लावू नयेत.

वीज गेल्यावर लोक जनरेटर आणि कोळशाची शेगडी काढतात, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होते. या वायूला वास नाही, रंग नाही. जनरेटर घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर ठेवावा. गॅरेजचे दार उघडे ठेवून आत चालवणेही धोक्याचे आहे. घरातल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर सुरू झाली तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत काढावे, मग कारण शोधावे.

घर सोडण्याची वेळ

ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसे गेली. त्यानंतर तिथल्या धोक्याच्या सूचनांमध्ये एक सर्वोच्च श्रेणी आणली गेली, जिच्या दिवशी आग लागण्याची वाटही न पाहता लवकर निघून जाणे हाच सल्ला असतो. आजारी, वृद्ध आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांनी हीच पद्धत एरवीही पाळावी आणि सक्तीच्या आदेशाची वाट न पाहता पहिल्या इशाऱ्यालाच निघावे, कारण व्हीलचेअर आणि ऑक्सिजन सिलिंडर घेऊन निघायला जो वेळ लागतो तो शेवटच्या अर्ध्या तासात मिळत नाही. गाडीच्या काचा बंद ठेवून आतलीच हवा फिरती ठेवावी, दिवे लावावेत. प्रवास लांबला तर धूर विरळ असलेल्या ठिकाणी काही क्षण बाहेरची हवा घ्यावी. आगीने वेढलेच तर झाडीपासून दूर, मोकळ्या किंवा आधीच जळून गेलेल्या जागी गाडी थांबवावी, काचा आणि हवेच्या झडपा बंद कराव्यात, खिडकीच्या पातळीखाली वाकावे आणि लोकरीची चादर अंगावर घ्यावी. अशा वेळी ज्वाळांचा स्पर्श होण्याआधीच त्यांची झळ मारते, आणि झळीपासून आडोसा हवा असतो.

परतल्यानंतर : राख

परत येण्याची घाई समजण्यासारखी आहे, परंतु प्रशासनाने परवानगी देईपर्यंत जाऊ नये. वरून विझलेली दिसणारी जमीन आत धगधगत असते. झाडांची मुळे जमिनीखाली जळून पोकळी होते, आणि पाय आत गेला तर गंभीर भाजते. अर्धवट जळालेली झाडे वारा नसतानाही कोसळतात.

जळालेल्या घराची राख शेकोटीच्या राखेसारखी समजू नये. जुन्या बांधकामात शिसे आणि अॅस्बेस्टॉस असू शकते, आणि वाळवी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम व आर्सेनिकची प्रक्रिया केलेले लाकूड जळाले असेल तर त्याच्या राखेत आर्सेनिक साठलेले असते. अशा राखेत खेळलेले मूल किंवा चरलेले जनावर आजारी पडू शकते. राख क्षारयुक्त असते, ओल्या कातडीला दाह करते. त्यामुळे साफसफाईला मुले, गर्भवती स्त्रिया आणि श्वसनाचे रुग्ण जाऊ नयेत. बाकीच्यांनी घट्ट बसणारा एन ९५, डोळ्यांना सर्व बाजूंनी झाकणारा चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड तळव्याचे बूट घालावेत. राखेवर आधी हलकेच पाणी शिंपडावे, इतकेच की ती उडू नये पण वाहूही नये, आणि मग ती हळू गोळा करून दुहेरी पिशवीत बांधावी. पाला उडवण्याचे यंत्र अजिबात वापरू नये. कामाचे कपडे घरात शिरण्यापूर्वी काढून वेगळे धुवावेत. खिळे-पत्र्याने जखम झाली तर धनुर्वाताची लस चालू आहे का हे तपासावे. अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असेल तर ढिगाऱ्याला हात न लावता प्रशिक्षित पथकाची वाट पाहावी.

पाणी आणि अन्न

पाण्याच्या बाबतीत लोकांची एक चूक वारंवार होते, आणि ती चांगल्या सवयीतून होते. पाण्याविषयी शंका आली की ते उकळून प्यावे, असे आपल्या सर्वांना शिकवलेले असते. जंतूंसाठी ते बरोबर आहे. परंतु २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे आणि पुढच्याच वर्षी पॅरडाइजमध्ये, वणव्यानंतर नळाच्या पाण्यात बेंझिन सापडले. आग विझवताना आणि जळालेल्या घरांच्या तुटलेल्या जोडण्यांतून पाणी वाहून गेल्याने नळांतला दाब नाहीसा होतो, रिकाम्या नळांत धूर आणि विषारी वायू ओढले जातात, आणि तापलेले प्लास्टिकचे पाइप स्वतःही अशी द्रव्ये सोडतात. बेंझिन कर्करोगकारक आहे, उकळल्याने ते पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येते, आणि श्वासातून शरीरात जाते. म्हणून ‘पाणी उकळून प्या’ आणि ‘पाणी पिऊ नका’ या दोन वेगळ्या सूचना आहेत, आणि दुसरी दिली असेल तर पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी व बाळाच्या दुधासाठी बाटलीबंद किंवा टँकरचे पाणीच वापरावे. गरम पाण्याची अंघोळ करावी की नाही हेही त्याच सूचनेत पाहावे. छतावरून टाकीत येणारे पावसाचे पाणी राख आणि आग विझवण्याच्या रसायनांनी दूषित होते. पहिला पाऊस वाया जाऊ द्यावा आणि टाकी स्वच्छ केल्यावर पाणी तपासून घ्यावे.

वीज जाऊन चार तासांहून जास्त वेळ झाला असेल तर फ्रिजमधले नाशवंत पदार्थ टाकून द्यावेत. गच्च भरलेला फ्रीजर न उघडता ठेवला तर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास गारवा धरतो. आगीची झळ लागलेले डबाबंद अन्नही टाकावे, कारण उष्णतेने सीलबंद झाकण सैल झालेले दिसत नाही.

पहिला पाऊस

जळालेल्या उतारावर पाणी धरून ठेवणारी मुळे आणि पाला उरत नाही, आणि मातीच्या वरच्या थरात कधीकधी पाणी न मुरणारा थर तयार होतो. डिसेंबर २०१७ मध्ये पेटलेल्या, ‘टॉमस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वणव्यानंतर, ९ जानेवारी २०१८ रोजी जोरदार पावसाने कॅलिफोर्नियातील माँटेसिटो येथे चिखल आणि दगडांचा लोंढा आला, त्यात २३ माणसे गेली. जळालेल्या डोंगराखाली राहणाऱ्यांनी पुढची काही वर्षे पावसाच्या इशाऱ्यालाही वणव्याच्या इशाऱ्याइतकेच महत्त्व द्यावे.

मन

झोप न लागणे, धुराचा नुसता वास आला तरी दचकणे, चिडचिड, आणि ‘आपले घर वाचले, शेजाऱ्याचे गेले’ याची टोचणी, हे सगळे पहिल्या आठवड्यांत स्वाभाविक आहे. मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात किंवा आईवडिलांना क्षणभर सोडत नाहीत. अशा वेळी प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला भाग पाडू नये. माणूस बोलेल तेव्हा ऐकावे, रोजचे वेळापत्रक लवकर सुरू करावे, आणि आगीची दृश्ये दाखवणारा पडदा बंद ठेवावा. महिन्याभरानंतरही झोप आणि काम सुरळीत झाले नाही, दारूचे प्रमाण वाढले किंवा जगणे नको वाटू लागले, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जावे. जीव देण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी.

ऋतू संपल्यावर तीच पिशवी आणि तीच खोली पुन्हा एकदा तपासावी. काळे पडलेले फिल्टर टाकून नवे आणावेत, वापरलेले मास्क आणि मुदत संपलेली औषधे बदलावीत, मुलांच्या कपड्यांचे आणि बुटांचे माप वाढले असेल ते पाहावे, आणि शेजाऱ्यांच्या यादीत नवे कोण राहायला आले, कोण आजारी आहे, हे लिहून घ्यावे. पुढचा ऋतू येण्यापूर्वी डॉक्टरांची एक भेटही याच वेळी ठरवून टाकावी, विशेषतः ज्यांचा खोकला धूर ओसरून आठवडे झाले तरी गेलेला नाही त्यांच्यासाठी.